मे अखेर, दोन रात्री, घाटमाथ्यावरचे पक्षी: ताम्हिणी, भीमाशंकर की महाबळेश्वर?

भोरडी | ४ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मेच्या शेवटच्या आठवड्यात किंवा फार तर ७ जूनपर्यंत पुण्याहून दोन रात्रींची पक्षीनिरीक्षणाची सहल ठरवते आहे. शुक्रवारी दुपारी निघायचं, रविवारी संध्याकाळी कोथरूडला परत.

आम्ही चौघं: नवरा-बायको, बारा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. सपाटीवर दोन किलोमीटर आरामात चालतात, पण गुडघ्यामुळे पायऱ्या आणि उतार नकोत. गाडी स्वतःची. दुर्बिणी दोन, एक ८×४२ आणि एक १०×५०.

प्रश्न असे:
१. ताम्हिणी, भीमाशंकर, महाबळेश्वर यांपैकी काय निवडावं?
२. या दिवसांत नक्की कोणते पक्षी असतात? जालावरच्या याद्या बहुतेक डिसेंबर-जानेवारीच्या आहेत.
३. दुपारच्या उन्हात काय करायचं?
४. मुलीला नवरंग आणि तिबोटी खंड्या बघायचा आहे. जमेल का?

घाटमाथा | ४ मे, रात्री ११:०५

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं.

हिवाळी पाहुणे मेपर्यंत निघून गेलेले असतात. व्हर्डिटर फ्लायकॅचर, अल्ट्रामरीन फ्लायकॅचर, ब्लू-कॅप्ड रॉक थ्रश, झाडांच्या शेंड्यात सतत हलणारे वटवटे ही मंडळी हिमालयात किंवा त्याच्याही पलीकडे पोचलेली असतात. त्यामुळे जानेवारीची यादी बाजूला ठेवा. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पुणे जिल्हा निवडून 'बार चार्ट' उघडा. त्यात प्रत्येक महिन्याचे चार भाग असतात. मेचा चौथा आणि जूनचा पहिला भाग पाहिला की कोण आहे आणि कोण नाही ते दोन मिनिटांत कळतं.

या दिवसांत जे मिळतं ते हिवाळ्यात मिळत नाही. स्थानिक पक्ष्यांचा विणीचा हंगाम सुरू असतो, म्हणून ते गातात आणि आपली हद्द सोडत नाहीत. मलबार व्हिसलिंग थ्रश, म्हणजे आपला शीळकरी कस्तूर, पहाटे उजाडण्याआधीच शीळ घालायला लागतो. स्वर्गीय नर्तक, टिकेलचा निळा माशीमार, नारिंगी डोक्याचा कस्तूर, पाचू कवडा, राखी रानकोंबडा, कुटुरगा, हळद्या, निखार, पर्णपक्षी हे सगळे धरून चाला. पावश्या दिवसभर ओरडत असतो. चातक आफ्रिकेकडून मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला येऊन पोचतो, आणि नवरंगही त्याच सुमाराला दक्षिणेतून वर येतो.

आता खरा मुद्दा. या पंधरवड्यात तारखेपेक्षा एकच गोष्ट महत्त्वाची: वळीव पडला आहे की नाही. पडला नसेल तर जंगलात पाणी दोन-चार ठिकाणीच उरतं आणि पक्षी तिथे येतात. अशा वेळी पाण्याजवळ बसायचं. चांगला पाऊस झाला असेल तर खळग्याखळग्यात पाणी असतं, पाणवठ्यावर बसून हाती काही लागत नाही, पण आवाज दुपटीने वाढतात. अशा वेळी पहाटे रस्त्यावरून सावकाश चालायचं आणि ऐकायचं. एकच बेत घेऊन जाणाऱ्यांची सहल इथेच फसते. दोन्ही बेत लिहून ठेवा आणि शुक्रवारी मुक्कामी पोचल्यावर गावात विचारा, 'शेवटचा पाऊस कधी झाला?' उत्तर 'परवा जोरात' असलं तर दुसरा बेत.

कारवी | ५ मे, सकाळी ७:२०

जागेबद्दल. तुमची माणसं आणि दिवस पाहता माझं मत ताम्हिणीला.

महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर, पुणे साधारण ५६० वर. उंचीमुळे तिथे पाच अंशांचा फरक पडतो, जंगल सदाहरित आहे, शिपाई बुलबुल आणि छोटा सूर्यपक्षी भरपूर, आणि सासूबाईंसाठी सपाट रस्तेही आहेत. पण मेच्या शेवटच्या शनिवार-रविवारी तिथली गर्दी अशी असते की सकाळी आठनंतर रस्त्यावर पक्ष्याचा आवाज ऐकू येत नाही. शाळा सुरू झाल्यावर, मधल्या वारी गेलात तर उत्तम. तुमच्या तारखांना नाही.

भीमाशंकरचं जंगल तिन्हींत मला सर्वांत आवडतं. अभयारण्य १९८५ मध्ये शेकरूसाठी जाहीर झालं आणि शेकरू तिथे दिसतोच. पण मंदिराच्या बाजूला पायऱ्या आणि यात्रेकरूंची वर्दळ आहे. गुप्त भीमाशंकरची वाट पक्ष्यांसाठी सुरेख आहे, पण मुळं आणि दगड फार, गुडघ्याला जड जाईल. शिवाय शुक्रवारी दुपारी चाकण ओलांडण्यात तास-दीड तास सहज जातो.

ताम्हिणीला कोथरूडहून चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी करत दोन तासांत पोचता. अभयारण्य २०१३ चं, क्षेत्र सुमारे ५० चौरस किलोमीटर. ताम्हिणी गावात विंझाई देवीचं मंदिर आणि आजूबाजूची झाडी आहे. तिथून निवे-पिंपरीकडे जो रस्ता वळतो, तो पहाटे जवळजवळ रिकामा असतो. डांबरी, चढउतार सौम्य, दोन्ही बाजूंनी झाडं. सासूबाईंना यापेक्षा सोयीची वाट मिळणार नाही. एक जण गाडी अर्धा किलोमीटर पुढे नेऊन उभी करेल, बाकीचे चालत येतील, असं टप्प्याटप्प्याने करा.

कमतरताही सांगते. ताम्हिणी उंचीने कमी, त्यामुळे उकाडा जाणवेल. आणि सकाळी नऊनंतर घाटात फिरायला येणाऱ्या गाड्या वाढतात. म्हणून पहाटेचे तीन तास सोन्यासारखे जपा.

उंबर | ५ मे, सकाळी ९:१५

भीमाशंकर म्हणजे फक्त मंदिर नव्हे. घोडेगाव, डिंभे करत आहुप्याला गेलात तर रस्ता जलाशयाच्या काठाकाठाने जातो, गावाजवळ देवराई आहे आणि कोकणकडा हाकेच्या अंतरावर. गर्दी मंदिराच्या मानाने फारच कमी. पण रस्ता लांब आणि वळणांचा आहे हे खरं, आणि एकाच शनिवारसाठी तेवढा प्रवास करावा का, हा प्रश्न राहतोच. तीन रात्री असत्या तर मी आहुप्यासाठी आग्रह धरला असता.

कुठेही गेलात तरी दोन जागा एकाच सहलीत कोंबू नका. शनिवारी ताम्हिणी आणि रविवारी सिंहगड असे बेत कागदावर छान दिसतात, पण दुसरी पहाट गाडीत जाते.

भोरडी | ५ मे, दुपारी १:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. ताम्हिणी नक्की. पाण्याजवळ बसायचं म्हणजे नेमकं कसं? आणि तिबोटी खंड्याचं काय?

उंबर | ५ मे, रात्री ८:५०

तिबोटी खंड्या या सहलीतून वगळा आणि मुलीला आधीच सांगा. तो घाटाखालचा, कोकणाच्या बाजूचा पाहुणा. पाऊस नीट सुरू झाल्यावर ओढ्याच्या मातीच्या काठात बीळ खोदतो. मेमध्ये ताम्हिणीला त्याच्या आशेवर बसणं म्हणजे दिवस घालवणं. नवरंग मात्र शक्य आहे, त्याचं आपल्या इथले सदस्य 'तांबट' सांगतील.

पाणवठ्याची पद्धत:

शुक्रवारी संध्याकाळी जागा शोधा. मोठा डोह नको. झाडीच्या सावलीत असलेलं, ताटलीपासून परातीएवढं उथळ पाणी हवं, खोली एक-दोन इंच. लहान पक्ष्यांना आंघोळीला तेवढंच लागतं. मोठ्या उघड्या डोहावर गुरं आणि माणसं येतात, पक्षी कमी. पाण्याच्या कडेला ताजी पांढरी शिट आणि ओल्या मातीत पायांचे ठसे दिसले की जागा बरोबर. आणि पाण्यापासून एक-दोन मीटरवर खाली झुकलेली फांदी हवीच. पक्षी थेट पाण्यावर उतरत नाहीत. आधी फांदीवर बसून चहूकडे पाहतात.

बसायचं १० ते १२ मीटरवर, सूर्य पाठीशी, आणि आपल्या मागे झाडाचं खोड किंवा झुडूप. आभाळ मागे असेल तर माणसाची आकृती उठून दिसते आणि कोणी उतरत नाही. घडीचं स्टूल न्या. सासूबाईंसाठी पाठ टेकायला मिळेल अशी घडीची खुर्ची. जमिनीवर बसलेला माणूस दर पाच मिनिटांनी पाय हलवतो, आणि तिथेच खेळ संपतो.

वेळ: ऐन उन्हाळ्यात सकाळी साडेदहा ते साडेबारा आणि दुपारी चार ते सव्वासहा. म्हणजे दुपारी काय करायचं याचं अर्धं उत्तर इथे आलं. पहिली वीस मिनिटं काहीच येणार नाही. तुमच्या हालचालीने गेलेले पक्षी परत यायला तेवढा वेळ लागतो. मग बहुधा बुलबुल आणि सातभाई पुढे येतात. ते निर्धास्त प्यायले की नाचण, टिकेलचा निळा माशीमार, नंतर कस्तूर. पाचू कवडा आणि चकोत्री बऱ्याचदा अगदी शेवटी, प्रकाश कमी होताना. म्हणून पाच वाजता कंटाळून उठू नका.

पाणवठा एकच असेल आणि गावातलं कोणी पाणी भरायला किंवा गुरं पाजायला आलं, तर उठून बाजूला व्हा. पाण्यावर पहिला हक्क त्यांचा.

दुसरा आधार फळांचा. या दिवसांत जांभूळ पिकतं, करवंदं सरत आलेली असतात, आणि उंबर किंवा वड फळावर असेल तर दुसरीकडे कुठे जायची गरजच नाही. हरियल, कुटुरगा, हळद्या, बुलबुल, कोकिळा सगळे एकाच झाडावर. झाडाखाली पडलेली अर्धवट खाल्लेली ताजी फळं पाहा. ती नसतील तर झाडावर कोणी येत नाही.

तांबट | ५ मे, रात्री १०:१०

आवाजांवर लिहितो, कारण या मोसमात दाट पानांत दहापैकी सात पक्षी आधी ऐकूच येतात.

निघण्याआधीच्या तीन आठवड्यांत फक्त दहा आवाज पाठ करा, जास्त नको: शीळकरी कस्तूर, नारिंगी डोक्याचा कस्तूर, नवरंग, पावश्या, चातक, कुटुरगा, स्वर्गीय नर्तक, पफ-थ्रोटेड बॅबलर, सिमिटर बॅबलर, राखी रानकोंबडा. रोज तीन मिनिटं ऐका. मुलगी तुमच्या आधी शिकेल. सरावाला पुण्यातली वेताळ टेकडी चांगली. पावश्या, हळद्या, तांबट तिथे या महिन्यात ऐकू येतात.

नवरंग: दोन सुरांची स्पष्ट शीळ, दुसरा सूर खाली जाणारा. उजाडताना आणि मावळताना सर्वांत जास्त. तामिळमध्ये त्याला सहा वाजताचा पक्षी म्हणतात ते उगाच नाही. तो जमिनीवर पाचोळ्यात चालतो, पण शीळ घालताना बऱ्याचदा फांदीवर चढून बसतो, तीन-चार मीटर किंवा त्याहून वर. लोक जमिनीवरच शोधत राहतात आणि तो डोक्यावर असतो. शीळ घालताना मान मागे टाकतो, ती हालचाल पकडा.

आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप वापरणार असाल तर भारताचा पक्षी-संच घरीच वायफायवर उतरवून घ्या. घाटात नेटवर्कचा भरवसा नाही. आवाज ओळखणं इंटरनेटशिवाय चालतं. फोन विमान-मोडवर ठेवला की बॅटरी टिकते.

मर्लिन कुठे चुकतं तेही लक्षात ठेवा. पल्लवपुच्छ कोतवाल आणि पर्णपक्षी दुसऱ्यांच्या नकला करतात. एकाच झाडातून दोन मिनिटांत सर्पगरुड, शिक्रा आणि बुलबुल असे तिन्ही 'ओळखले' गेले, तर तो कोतवाल समजा. सिकाडा किड्यांचा कर्कश सूर लागला की बारीक आवाज त्यात बुडतात, तेव्हा ॲप बंद ठेवलेलं बरं. आणि पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय किंवा आवाज स्वतःला ओळखू आल्याशिवाय ईबर्डच्या यादीत टाकू नका. चुकीची नोंद नंतर सगळ्यांना भोवते.

सोनसावर | ६ मे, सकाळी ८:०५

नवरंगासाठी सोपा उपाय आहे. मोबाईलवर त्याचा आवाज लावा, छोटा ब्लूटूथ स्पीकर असेल तर अजून चांगलं. दोन मिनिटांत समोर येतो.

घाटमाथा | ६ मे, सकाळी ८:४०

कृपया नको. तो समोर येतो कारण त्याला वाटतं की आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला आहे. नुकताच लांबचा प्रवास करून पोचलेला पक्षी, हद्द अजून पक्की व्हायची आहे, जोडी जमायची आहे, आणि तो खाणं सोडून स्पीकरशी भांडत बसतो. ताम्हिणीसारख्या रस्त्यालगतच्या जागी शनिवार-रविवारी पाच गट तेच करतात. तो ती जागा सोडून गेला तर त्या वर्षीची वीण गेली.

घरट्यांबाबतही एकदाच स्पष्ट लिहितो. पक्ष्यांची अंडी किंवा घरटं यांना त्रास देणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत येतं. स्वर्गीय नर्तकाचं वाटीसारखं घरटं ओढ्याजवळच्या बारीक फांदीवर, माणसाच्या हाताला जवळजवळ लागेल इतकं खाली असू शकतं. शीळकरी कस्तूर पुलाखालच्या कपारीत किंवा कातळाच्या खाचेत घरटं करतो. चोचीत किडा धरून पक्षी जवळच्या फांदीवर थांबून ओरडत असेल आणि आत जात नसेल, तर तुम्ही घरट्याच्या फार जवळ आहात. लगेच वीस-तीस मीटर मागे सरका. फांदी बाजूला करू नका. पानांची ती आडच घरट्याला ऊन आणि कावळ्यापासून वाचवते. फोटो काढला तर ठिकाण लिहून टाकू नका.

सोनसावर | ६ मे, सकाळी ९:३०

हा विचार केला नव्हता. माझा सल्ला मागे घेतो.

कातळसडा | ६ मे, दुपारी १२:००

सुरक्षिततेवर कोणी लिहिलं नाही, म्हणून जरा सविस्तर.

वीज. या दिवसांत ढग दुपारी दोननंतर चढतात आणि वळीव बहुधा विजांसह येतो. सडा (कातळाचं उघडं पठार), कड्याचं टोक, एकटं झाड या तिन्ही जागा दुपारनंतर टाळा. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर गाडीत किंवा पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजांचा इशारा देतं. ते फोनवर घ्या, पण नेटवर्क नसेल तिथे आकाशच वाचायचं.

आग्या मोहोळ. कातळाच्या कपारीला आणि उंच झाडांना लटकलेली असतात. अत्तर, तीव्र वासाचा डिओ, धूर, आरडाओरडा हे चारही टाळा. माशा उठल्या तर हात न झटकता, तोंड झाकून, शक्य तितक्या लवकर गाडीत शिरा. पाण्यात उडी मारू नका. त्या वर घिरट्या घालत राहतात.

गोचीड. कोरडं गवत आणि गुरांच्या वाटा. पँट मोज्यात खोचा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. पिळू नका, रॉकेल किंवा चुना लावू नका.

साप. सकाळी-संध्याकाळी पाचोळ्यात पाय टाकण्याआधी पाहा, कातळाच्या फटीत हात घालू नका. चापडा हा विषारी साप झुडपात खांद्याच्या उंचीवर वेटोळं करून बसलेला असू शकतो. दंश झालाच तर चिरा देणं, आवळून बांधणं असले प्रकार नाहीत. हालचाल थांबवून १०८ ला फोन किंवा थेट रुग्णालय. कुठलं रुग्णालय जवळ आहे ते शुक्रवारीच गावात विचारून ठेवा.

पाणी. माणशी दिवसाला चार लिटर धरा, म्हणजे चौघांचे दोन दिवसांचे ३२ लिटर. २० लिटरचा एक जार गाडीत, बाकी मुक्कामी उकळलेलं. ओआरएसच्या चार पुड्या. एक पुडी एक लिटर पाण्यातच. निम्म्या पाण्यात घट्ट करून पिणं चुकीचं.

गाडी. पहिल्या पावसात डांबरावर धूळ आणि तेलाचा थर चिखलासारखा होतो. त्या पहिल्या अर्ध्या तासात ब्रेक अलगद. इंधन पिरंगुट-पौडपर्यंतच भरून घ्या.

भोरडी | ६ मे, रात्री ९:२०

किती बारकाईने लिहिलंत! दुर्बिणीबद्दल एक विचारायचं राहिलं. १०×५० न्यायची का? सासूबाईंना चष्मा आहे आणि त्या म्हणतात की दुर्बिणीतून काळं वर्तुळच दिसतं.

तांबट | ६ मे, रात्री १०:००

काळं वर्तुळ म्हणजे डोळा भिंगापासून चुकीच्या अंतरावर आहे. चष्मा लावणाऱ्यांनी आय-कप (डोळ्याकडच्या भिंगाभोवतीच्या कडा) पूर्ण आत फिरवायचे किंवा दुमडायचे, चष्मा न लावणाऱ्यांनी पूर्ण बाहेर काढायचे. मग मधली बिजागरी हलवून दोन वर्तुळांचं एक होईपर्यंत अंतर जुळवायचं. दर वेळी हात बदलला की हे पुन्हा करावं लागतं.

फोकस: उजवा डोळा झाकून डाव्याने मधल्या चाकावर एखाद्या पाटीचं अक्षर स्पष्ट करा. मग डावा झाकून, मधलं चाक न हलवता, उजव्या नेत्रभिंगावरची कडी फिरवून तेच अक्षर स्पष्ट करा. त्या कडीवरचा आकडा लक्षात ठेवा. बहुतेक लोक ही कडी कधी हलवतच नाहीत आणि 'दुर्बीण खराब आहे' म्हणतात.

आता १०×५०. डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी म्हणजे भिंगाचा व्यास भागिले वर्धन: ५० भागिले १० म्हणजे ५ मिलिमीटर, ४२ भागिले ८ म्हणजे ५.२५. पहाटेच्या अंधुक प्रकाशात दोन्ही जवळजवळ सारख्याच. फरक थरथरीचा, वजनाचा आणि दिसणाऱ्या पट्ट्याचा. झाडीत हलणारा पक्षी १० पटीत सापडत नाही, हात थरथरतो. म्हणून चालताना ८×४२ दोघांत फिरवा. १०×५० तिपाईवर बसवा. बऱ्याच दुर्बिणींना पुढच्या बिजागरीवर एक छोटी टोपी असते, ती फिरवून काढली की आत आटे दिसतात, तिथे तिपाईचा जोड लागतो. पाणवठ्यावर खुर्चीसमोर तिपाई उंची जुळवून ठेवली की सासूबाईंना काही धरावं लागणार नाही. त्या रोखलेल्या फांदीवर जे येईल ते त्यांना सर्वांत आधी दिसेल.

गाडीत एसी लावून आलात तर दमट हवेत भिंगं धुकटतात. पोचायच्या १५ मिनिटं आधी एसी बंद करून काचा उघडा. धुकं बोटाने पुसू नका, ओरखडे पडतात. परत आल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, नाहीतर पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते.

कारवी | ७ मे, सकाळी ६:५०

पक्षी दाखवताना 'तो बघ, तिकडे, हिरव्या पानात' याचा काही उपयोग नसतो. झाडाला घड्याळ समजा: शेंडा बारा, बुंधा सहा. 'जाड खोडाचं झाड, दोन वाजता, शेंड्यापासून एक हात खाली.' बोट दाखवू नका, हात उचलला की पक्षी उडतो. मुलीला हे घरी दोन दिवस खिडकीतल्या झाडावर शिकवा.

कपडे शेवाळी, खाकी, मातकट. पांढरा टीशर्ट आणि पांढरी टोपी नको. चुरचुर वाजणारं रेनकोटचं कापड आणि वेल्क्रोही त्रास देतात.

आणि काजवे. मेअखेर ते जूनमध्ये ते असतात आणि त्यासाठी घाटांत रात्री गाड्यांची रांग लागते. शनिवारी रात्री मुक्कामाच्या ठिकाणी गोंगाट असू शकतो, म्हणून गावाच्या आतलं घर निवडा, रस्त्यालगतचं नको. रातवा हा रात्री ओरडणारा पक्षी ऐकायचा तर मावळल्यावर गावाच्या कडेला उभं राहा. अभयारण्यात रात्री परवानगीशिवाय शिरायचं नाही. वैशाख पौर्णिमेच्या रात्री वन विभागाची पाणवठ्यांवरची गणना असते, त्या दिवशीचे नियम वेगळे असू शकतात. तारीख जुळत असेल तर आधी चौकशी करा.

भोरडी | ८ मे, रात्री ८:३०

बेत असा केला आहे, चुका सांगा.

शुक्रवार: दुपारी २ ला निघणे, ४:३० पर्यंत मुक्कामी. ५ ते ६:३० पाणवठा शोधणे आणि पावसाची चौकशी.
शनिवार: ५:१५ ला निवे रस्त्यावर, ८:३० पर्यंत चालत-थांबत. नाश्ता. १०:३० ते १२:३० पाणवठा. जेवण, झोप. ४ ते ६ कड्याच्या टोकावरून गरुड पाहणे. रात्री ७:१५ ते ८ रातवा.
रविवार: पहाट पुन्हा त्याच रस्त्यावर, ९:३० ला विंझाईजवळची झाडी, ११ ला परत.
पाऊस झालेला असेल तर शनिवारचा पाणवठा रद्द, त्याऐवजी ओढ्याच्या पुलाजवळ उभं राहून ऐकणे.

घाटमाथा | ८ मे, रात्री ९:४५

जवळजवळ चोख. तीन बदल.

एक, गरुड दुपारी चारला नकोत. त्या वेळी कडा म्हणजे विजेची जागा. सर्पगरुड, काळा गरुड हे जमीन तापून हवा वर उठू लागली की घिरट्या घालतात, साधारण सकाळी नऊ ते साडेदहा. शनिवारचा नाश्ता गाडीतच, कठडा असलेल्या मोकळ्या जागी करा आणि तेव्हाच आकाश पाहा. दुपारचे चार ते सव्वासहा पाणवठ्याला द्या. पाचू कवडा त्याच वेळचा. ढग चढले तर मात्र तोही सोडा.

दोन, पाऊस झालेला असेल आणि संध्याकाळी पंखवाल्या वाळव्या जमिनीतून निघाल्या, तर सगळं सोडून तिथेच उभे राहा. कोतवाल, वेडे राघू, साळुंक्या, घारी आणि अंधार पडताना रातवे, सगळे त्यावर तुटून पडतात. हे अर्धा-पाऊण तासच चालतं.

तीन, रविवारी पहाटे तोच रस्ता बरोबर आहे, पण उलट्या टोकाकडून या. शनिवारी ऐकलेल्या नवरंगाची जागा नकाशावर टिपून ठेवली असेल तर तिथे ५:३० ला सासूबाईंची खुर्ची लावा आणि बाकीच्यांनीही बसा. चालू नका.

भोरडी | ८ मे, रात्री १०:०५

बदल केले. खुर्ची आजच पाहून ठेवली, पाठीची आहे, वजन दोन किलो. तिपाईचा जोड उद्या लक्ष्मी रोडच्या बाजूला कॅमेऱ्याच्या दुकानात विचारते.

तांबट | ८ मे, रात्री १०:२०

दुर्बीण सोबत घेऊन जा. आट्याची मापं सगळ्यांची एक नसतात, दुकानातच लावून पाहा.